तातुलच्या घुगऱ्या

लेनिनाकान
४ मार्च १९७१

श्रीमती आश्खेन विहीणबाईंस,
सातेनिकचा स. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेली सुकी जर्दाळू पोचली. डबा वाटेत कुणीतरी उघडलेला दिसला, पण आतला माल शाबूत होता. उघडणारा प्रामाणिक असावा, किंवा त्याला जर्दाळू आवडत नसावीत. आभारी आहे. निम्मी नाझेलीने पहिल्याच दिवशी संपवली. मी तिला बोलले नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईला खाण्यावरून बोलू नये, एवढं मलाही कळतं.

इकडची हालहवाल ठीक. गार्निकची गिरणीतली पाळी बदलली, त्यामुळे मुलगा बापाला अधूनमधून दिसतो. माझी शाळा चालू आहे. यंदाच्या नववीला रसायनशास्त्र हा शब्दसुद्धा नीट लिहिता येत नाही, पण ते माझं दुःख, तुम्हाला कशाला.

तातुल दहा महिन्यांचा झाला. रांगतो, मांजरासारखा कपाटावर चढू बघतो, माझ्या चष्म्याशी त्याचं वैर आहे. दात नाही. तुम्ही विचारण्याआधीच लिहून टाकते, कारण जिन्यात भेटणारा प्रत्येक माणूस तेवढंच विचारतो. वरच्या मजल्यावरची सिरानुश तर रोज सकाळी कठड्यावरून ओरडते की पहिल्या दाताच्या घुगऱ्यांचे गहू भिजत घातले का. आत येऊन मात्र बघत नाही. पहिला दात ज्याला दिसतो त्याने बाळाला नवे कपडे करायचे असतात ना, म्हणून बाई लांबूनच चौकशी करते. मी तिला सांगितलं की दात आला की मीच तुला धरून आणीन आणि तुझं बोट त्याच्या तोंडात घालीन.

आमच्या गार्निकला सहाव्या महिन्यात दात आला होता. पण मुलं ही वेळापत्रकाने वाढत नाहीत, हे तीस वर्षं शिकवून मला माहीत आहे. येईल.

फेब्रुवारीत त्याला दोनदा ताप येऊन गेला. डॉक्टर म्हणाले, घसा. शेगडी पेटती ठेवली, दोन लोकरी अंगरखे, वर शाल. तुमची लेक सारखी खिडकी उघडायला धावते आणि मी बंद करते. घरात वारा फिरायला लागला तर पोर जगणार कसं? तुम्ही तिला काही शिकवलंत की नाही?

मे महिन्यात ती दोघं तुमच्याकडे येतील. उन्हाळाभर ठेवून घ्या. तुमच्या धाकटीला, गोहारला, माझे आशीर्वाद.

तुमचा माझ्यावरचा लोभ आहे तेवढा पुरे, फक्त कमी होऊ देऊ नका.

सातेनिक



आयगेदार
२० मे १९७१

ती. स्व. सातेनिकबाईंस,
आश्खेनचा सा. न. वि. वि.

पाखरं सुखरूप पोचली. विहीणबाई, पोराला तुम्ही कांद्यासारखं गुंडाळून पाठवलंत की हो! एकेक पदर सोलता सोलता आम्ही दमलो, शेवटी आत तातुल सापडला. पण तुमचं बरोबरच आहे, प्रवासात वारा लागतो. मीही इथे त्याला टोपीशिवाय अंगणात नेत नाही. टोपीखाली केस अजून पिसासारखेच आहेत, विरळ आणि पांढरट. आमच्या घरातलं कुणीच डोईने श्रीमंत नाही, तेव्हा ते आमच्यावर गेलंय म्हणा आणि माफ करा.

दाताचं विचाराल तर सगळ्या गावाने त्याच्या तोंडात चमचा वाजवून पाहिला. कुणी म्हणतं वाजला, कुणी म्हणतं नाही. शेजारचे म्हातारबाबा म्हणाले की पोरगा हुशार आहे, एकदम सगळे आणील. तो मात्र हिरड्यांनी पाव असा चोखून संपवतो की बघत राहावं.

एक सुचवू का? रागावू नका. तुम्ही घुगऱ्या करून टाका ना. गहू शिजवायचे, पोराच्या डोक्यावर चादर धरून ओतायचे, पुढ्यात पुस्तक-कात्री-हातोडी मांडायची, जे उचलील तो त्याचा धंदा. तोंड उघडून बघायला कोण येणार आहे? घुगऱ्या झाल्या नाहीत म्हणजे पोराचं काहीतरी बिनसलंय, असं लोक म्हणायला लागतात. नाझेली आता त्याला घेऊन विहिरीवरसुद्धा जात नाही.

आणि आता आनंदाची बातमी. तुमच्या सिरानुशबाईंनी गोहारला नाझेलीच्या लग्नात पाहिलं होतं, आठवतं? त्यांचा भाचा आहे म्हणे स्लाविक, गुकास्यानकडच्या डोंगरात गुरांचा डॉक्टर. बाईंनी मला पत्र घातलंय की सप्टेंबरात मुलगी दाखवा. गोहार म्हणते की गुरांच्या डॉक्टरला मुलगी काय दात बघून पसंत करायची असते? असली जीभ आहे हिची. पण त्याचा फोटो तिच्या उशीखाली असतो, मी पाहिलाय.

ऊन चढायला लागलं. दुपारी तातुल जरा कढत लागतो. मी खिडक्या लावून घेते, पांघरूण घालते. काळजी नसावी.

तुमच्या मायेच्या सावलीत ठेवा.

आश्खेन



आयगेदार
१८ जून १९७१

ती. स्व. सातेनिकबाईंस,
आश्खेनचा सा. न. वि. वि.

घाईने लिहिते. तातुलला पुन्हा ताप. चार दिवसांपूर्वी दुपारी एकाएकी डोळे फिरवले आणि हातपाय ताठ केले. नाझेली त्याला उचलून रस्त्यावर अनवाणी धावली. द्राक्षमळ्याची मोटार मिळाली म्हणून दवाखान्यात पोचलो. तिथे कुणी म्हणतं मलेरिया, कुणी म्हणतं कान, कुणी म्हणतं मी त्याला जर्दाळू चारली असतील. मी त्याला जर्दाळूचा वासही दिलेला नाही. इंजेक्शनं देतात. संध्याकाळी गार झालं की ताप आपोआप उतरतो, दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा भडकतो. मी एक खिडकी उघडी ठेवलेली नाही, सुती चादरीवर लोकरीची घालते, तरी हे असं.

नाझेली जेवत नाही. तातुलला खाली ठेवत नाही.

तुम्ही या. मला काही सुचत नाही. तुम्ही शिकलेल्या आहात, डॉक्टरांशी बोलाल. गार्निकरावांना हे एवढं सगळं सांगू नका.

आश्खेन



लेनिनाकान
६ जुलै १९७१

श्रीमती आश्खेन विहीणबाईंस,
सातेनिकचा स. न. वि. वि.

आधी मुद्द्याचं. तातुल बरा आहे. आज सकाळी त्याने माझा चष्मा मोडला. आता शांतपणे बसून पुढचं वाचा.

मायलेकरांना घेऊन तुमच्याकडून निघाले तेव्हा येरेवानपर्यंत बसमध्ये तो झोपून होता. आगगाडीत आमचा डबा उन्हाच्या बाजूला आला. खिडकीशी एक मिशाळ गृहस्थ बसले होते. ते उघडी खिडकी पाहून म्हणाले की बाई, लेकराला वारा लागेल, आणि त्यांनी ती लावून टाकली. मीही त्यांचे आभार मानले. थोड्या वेळात तातुल निखाऱ्यासारखा तापला. नाझेली रडायला लागली. तो ओकला, आणि ते सगळं त्याच्या कपड्यांवर. तेवढ्यासाठीच आम्ही त्याचे कपडे काढले, दुसरं काही डोक्यात नव्हतं. धुवायला बाटलीतलं पाणी होतं ते अंगावर ओतलं. कोरडे कपडे बोचक्यात तळाशी होते, ते मिळेपर्यंत पोरगं ओलं आणि उघडं राहिलं. डब्यातल्या बायका मला शिव्या घालत होत्या की ही आजी आहे की सावत्र आजी. आणि विहीणबाई, कपडे सापडेपर्यंत ताप उतरलेला होता.

तेव्हा मी त्याच्याकडे नीट पाहिलं. माझी पाठ भिजली होती, नाझेलीच्या ओठांवर घाम होता, मिशाळ गृहस्थांच्या सदऱ्याचा तर नकाशा झाला होता. तातुलच्या अंगावर मी ओतलेलं पाणी सुकलं होतं आणि खाली कातडी कागदासारखी कोरडी. एवढ्या उकाड्यात एक थेंब नाही. मी त्याला खिडकीशी धरलं आणि काच खाली केली. गृहस्थ काही बोलणार होते, पण माझ्या तोंडाकडे बघून सरकून बसले.

घरी आल्यावर शाळेतून आयोडीन आणि बटाट्याचं सत्त्व आणलं. दोन्ही लावून कागद वाळवला. ओल लागली की तो निळा पडतो, हे मी दर वर्षी मुलांना दाखवते. दुपारी उन्हात माझ्या दंडावर एक तुकडा दाबला, तातुलच्या पाठीवर एक. माझा शाईसारखा झाला. त्याचा होता तसाच.

त्याला घेऊन येरेवानला गेले. तिथे माझी एक जुनी विद्यार्थिनी, एम्मा, लहान मुलांचे दात बघते. माझ्या वर्गात ती सर्वांत मागे बसून सूर्यफुलाच्या बिया खायची. तिने जबड्याचा एक्स-रे काढला आणि मला उजेडासमोर धरून दाखवला. सगळ्या बाळांच्या हिरड्यांत दातांची बीजं आधीपासून दडलेली असतात, फोटोत ती पांढऱ्या मण्यांसारखी दिसतात. तातुलच्या हिरड्यांत काही नाही. वर नाही, खाली नाही. दुधाचे नाहीत, पुढचेही येणार नाहीत. याला ती अ‍ॅनोडोंशिया म्हणाली. मी विचारलं याचा अर्थ काय, तर म्हणाली की ग्रीक आहे, अर्थ दात नाहीत. मी म्हटलं, तेवढं तर आमची वरची सिरानुशही सांगते. पण मग तिने माझ्या आयोडीनच्या कागदाचं ऐकलं आणि ती एकदम गंभीर झाली. केस विरळ, दात नाहीत, घाम नाही, हे सगळं एकाच गोष्टीचं, आईच्या पोटात कातडी घडताना राहून गेलेलं. अशी मुलं हुशार असतात, जगतात, शिकतात, लग्न करतात, कवळी लावून कणसंही खातात. मारतो तो फक्त उकाडा. ताप कधी नव्हताच. आपणच त्याला दुलईत शिजवत होतो, विहीणबाई. तुम्ही खाली खोऱ्यात आणि मी वर पठारावर.

खिडकीच्या बाबतीत नाझेलीचं बरोबर होतं. तिला तसं सांगितलं.

आता तो पातळ सुती झबल्यात असतो, दुपारी ओल्या पंच्यात, दारं-खिडक्या सताड. शेजारणी येऊन कपाळाला हात लावतात. तीन-साडेतीन वर्षांचा झाला की एम्मा त्याला पहिली कवळी करून देणार आहे. तिचे आभार कसे मानायचे ते मला कळेना. तिला म्हटलं, वर्गात बिया खाल्ल्याबद्दल मी तुला माफ केलं.

एक विचारायचं आहे. एम्मा म्हणाली की हे आईकडून येतं, बाधतं मुलग्यांना, आणि मुली ते नकळत पुढे नेतात. नाझेलीचे वरचे दोन दात मुळातच नाहीत, ते आता लक्षात आलं. तुमच्या माहेरी असा कुणी मुलगा होता का? स्पष्ट लिहा.

तुमचं पत्र येईपर्यंत मला चैन नाही, आणि मला चैन नसलं की घरात कुणालाच नसतं.

सातेनिक



आयगेदार
१५ जुलै १९७१

ती. स्व. सातेनिकबाईंस,
आश्खेनचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी गोहारकडून वाचून घेतलं, मग स्वतः वाचलं, मग घेऊन गोठ्यात जाऊन बसले. तातुल बरा आहे हे वाक्य तुम्ही पहिलं लिहिलंत, त्याबद्दल देव तुम्हाला उदंड आयुष्य देवो. देव म्हटलं म्हणून नाक मुरडू नका.

तुम्ही स्पष्ट विचारलंत, स्पष्ट सांगते. होता. माझा धाकटा भाऊ, वाहान. त्याला दात आलेच नाहीत. आई पाव दुधात कुस्करून द्यायची. मुलं त्याला आजोबा म्हणून चिडवायची आणि तोही मजेत काठी टेकत म्हाताऱ्यासारखा चालून दाखवायचा. उन्हाळ्यात तो दिवसभर पाटाच्या पाण्यात बसायचा, आई त्याला मारून बाहेर काढायची, म्हणायची सर्दी होईल. सहा वर्षांचा होता. कापणीच्या दिवसांत ताप भरला. आईने त्याला मेंढीच्या कातड्यात गुंडाळून तंदुराशेजारी निजवलं, घाम येऊ दे म्हणून. सगळे हेच सांगत होते, घाम आला की उतरेल. मी त्याच्या पायाशी बसून वाट बघत होते घामाची.

आई गेली तेव्हाही तिला माहीत नव्हतं. बरंच झालं.

विहीणबाई, आता मी तुमच्यापुढे हात जोडते. जे आमच्या घरातून आलं ते आलं. तुम्ही नाझेलीला काही म्हणणार नाही हे मला ठाऊक आहे, तुम्ही तोंडाच्या कडक आहात, मनाच्या नाही. पण गोहारचं काय? सिरानुशबाईंना कळलं की मुलींच्या वाटेने हे पुढे जातं, तर त्या भाच्याला दाराशी तरी येऊ देतील का? आणि त्यांना कळलं म्हणजे डोंगरापासून खोऱ्यापर्यंत सगळ्यांना कळलं. मग माझ्या गोहारला कुणीच विचारणार नाही. तिने फोटो उशीखालून काढून ठेवलाय. मी विचारलं तर म्हणते, उशी टोचत होती.

म्हणून पाया पडते, घुगऱ्या करा आणि सांगा की दात आला. आतल्या बाजूला आहे म्हणा. बारका आहे म्हणा. दोन वर्षांनी कवळी येईल तेव्हा दात दिसतीलच. तोवर माझी पोर मार्गी लागेल. एवढी एक गोष्ट करा, जन्मभर तुमचं ऋण विसरणार नाही.

आश्खेन



लेनिनाकान
२ ऑगस्ट १९७१

श्रीमती आश्खेन विहीणबाईंस,
सातेनिकचा स. न. वि. वि.

वाहानबद्दल वाचलं. दुसऱ्यांदा वाचायची हिंमत झाली नाही. पत्र नाझेलीला दिलं, तिला आपला मामा ठाऊक असायला हवा. तिने तातुलला घेतलं आणि अंगणातल्या नळाखाली नेऊन बसवलं, किती तरी वेळ.

आता तुमच्या विनंतीचं. दात आला असं मी सांगणार नाही. मला खोटं बोलता येत नाही हे कारण नाही, तो माझा गुण की खोड ते माझ्या सहकाऱ्यांना विचारा. कारण दुसरं आहे. उद्या हा पाळणाघरात जाईल, परवा शाळेत. याच्यात काही वेगळं नाही अशी लोकांची समजूत झाली तर पहिली मायाळू बाई भेटताच ती त्याला लोकरीचा स्वेटर घालील आणि खिडकी लावील. आपल्याकडे मायाळू बायकांचा तुटवडा नाही. तुम्ही होता, मी होते, गाडीतला तो मिशाळही होता. या पोराभोवतीच्या प्रत्येक माणसाला माहीत असलं पाहिजे की याला घाम येत नाही, याला उघडं ठेवायचं, याला पाणी ओतायचं. लपवलं तर एखाद्या जुलैत तो आपल्या हातून जाईल. तुम्हाला पुन्हा कुणाच्या पायाशी बसायचं आहे का?

कठोर लिहिलं आहे. पण खोडणार नाही.

मात्र घुगऱ्या होतील. दात नाही म्हणून घुगऱ्या नाहीत, हा माझा नियम होता. तो मी मोडते. तातुलचा उन्हाळा सुखरूप पार पडला की सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी गहू शिजवू. दाताचा नाही तर नाही, उन्हाळ्याचा सोहळा करू. माझा भाऊ मिसाक मनुका आणणार आहे, एव्हापासूनच खाऊन संपवतोय. जिन्यातल्या सगळ्यांना बोलावणार, सिरानुशलाही, आणि सगळ्यांसमोर त्याचा आजार त्याच्या नावासकट सांगणार.

तुम्ही गोहारला घेऊन यायचं. तोंड लपवून घरी बसलात तर मी स्वतः न्यायला येईन, आणि मला तुमच्या बसचा तिटकारा आहे. हे कुठून आलं असं कुणी विचारलं तर काय सांगायचं, ते माझ्यावर सोडा. आत्ता माझ्यापाशी उत्तर नाही. म्हणून वचन देत नाही.

नाझेली चांगली सून आहे. हे तिला कधी म्हटलेलं नाही, तुम्हाला लिहिते. भीतीने निम्मी झाली होती तरी या उन्हाळ्यात एकदाही तिने त्याचा ओला पंचा बदलायला उशीर केला नाही. तुम्ही तिला वाढवलंत, त्याबद्दल मी आभारी आहे.

येताना तंदुरातला पातळ लवाश पाव आणा. इथला तोंडात विरघळत नाही, तातुलला फक्त तुमच्याकडचा चालतो. आणि माझ्याबद्दलचा राग उतरला नसेल तर तोही घेऊन या, समोरासमोर बघू.

सातेनिक



आयगेदार
३० सप्टेंबर १९७१

ती. स्व. सातेनिकबाईंस,
आश्खेनचा शि. सा. न. वि. वि.

आजवर मी तुम्हाला साष्टांग नमस्कार नुसता रिवाज म्हणून लिहीत आले. आजचा खरोखरचा समजा.

फलाटावर मला बोलता आलं नाही. तुम्ही म्हणालात की गाडी सुटतेय, रडायचं ते आत बसून रडा. बसले आणि रडले. गोहार शेजाऱ्यांना सांगत होती की आईला प्रवास सोसत नाही.

तुम्ही त्या दिवशी तातुलकडे बघत होता. मी तुमच्याकडे बघत होते ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून लिहिते. तुम्ही उभ्या राहिलात आणि वर्गात बोलावं तसं बोललात, की या मुलाला दात नाहीत आणि येणार नाहीत, याला घाम येत नाही, याला जो कुणी गुंडाळील त्याची गाठ माझ्याशी आहे.  तुमच्या भावाने खालच्या आवाजात विचारलं की मग घुगऱ्या तरी खायच्या की नाही, आणि सगळे हसले. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात सिरानुशबाई पुढे सरकल्या. त्यांनी आधी गोहारकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि गोड आवाजात विचारलं की सातेनिक जान, असली गोष्ट तर रक्तातून येते म्हणतात, ही कुठल्या बाजूने आली? माझ्या हातात मनुकांची वाटी होती. ती मी खाली ठेवली. गोहार पांढरीफटक पडली. मी डोळे मिटून घेतले आणि मनात म्हटलं, आता या बाई खरं सांगतील, यांना दुसरं काही येतच नाही.

आणि तुमचा आवाज आला, शाळेत हजेरी घ्यावी तसा, की आमच्या बाजूने. माझे चुलते हाकोब. त्यांनाही दात नव्हते. अजून काही विचारायचं आहे का?

सिरानुशबाई म्हणाल्या की छे, मी आपलं सहज. तुम्ही चादर धरा म्हणून त्यांनाच एक टोक दिलंत आणि गव्हाचं पातेलं उचलून माझ्या हातात दिलंत. ते ओतायचा मान त्या घरच्या आजीचा असतो. मी मागे सरले तर तुम्ही कानाशी दटावून म्हणालात की ओता लवकर, माझे हात दुखतात. मी ओतले. तातुल चादरीखाली खदखदून हसत होता. गहू वरून गडगडत खाली आले, त्याने मूठभर उचलले आणि हिरड्यांनी चावायला लागला. पुढ्यातल्या पुस्तकाकडे, कात्रीकडे ढुंकून पाहिलं नाही. कुणीतरी म्हणालं, हा बहुतेक खाण्याचंच काम करणार.

तुम्ही माझ्यासाठी आपल्या वडिलांच्या घराला बोल लावून घेतलात. माझी सख्खी बहीण असती तरी तिने केलं नसतं.

फलाटावर तुम्ही एक हुकूम केलात, तोही पाळला. तुम्ही म्हणालात की जिन्याला सांगायची गरज नाही, पण ज्या दोघांनी संसार करायचा त्या दोघांना खरं कळलंच पाहिजे, आणि तुमच्याच तोंडून. काल स्लाविक आला. मी त्याला बागेत नेलं, गोहार बरोबर होती, आणि वाहानपासून सगळं सांगितलं.  पोराने विचारलं की मामाला नक्की काय झालं, मी ते पुन्हा सांगितलं. तो म्हणाला की लग्नानंतर कळलं असतं तर मला राग आला असता, आत्ता येत नाही. मग म्हणाला की आमच्या गावात मे महिन्यातही बर्फ असतं, घाम म्हणजे काय ते आम्ही फक्त पेपरात वाचतो, असं मूल झालंच तर ते तिथे सर्वांत सुखी असेल. आणि हे सिरानुश आत्याला सांगायचं का असं मी विचारलं, तर म्हणाला की तिला चुलते हाकोब पुरेत. गोहारने त्याला विचारलं की तू गुरांना बघतोस तसं दात बघून पसंत करणार होतास ना? तो म्हणाला, गुरं उलट बोलत नाहीत.

साखरपुडा नोव्हेंबरात. तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं.

तुम्हाला देण्यासारखं माझ्याकडे आशीर्वादांपलीकडे काही नाही. ते सगळे घ्या.

आश्खेन



लेनिनाकान
२४ ऑक्टोबर १९७१

श्रीमती आश्खेन विहीणबाईंस,
सातेनिकचा स. न. वि. वि.

आभार पुरे. तुमच्या पत्रात ते इतके होते की टपालाचं पाकीट जड लागलं. स्लाविकने चांगलं उत्तर दिलं, पेपरातला घाम मला आवडला. गोहारला माझे आशीर्वाद, आणि उलट बोलणं लग्नानंतर निम्मं कर म्हणावं. पूर्ण बंद करू नकोस.

तातुल चालायला लागला. थंडी पडली आहे, आता त्याला सोपं जाईल. सिरानुश त्याच्यासाठी नवे कपडे घेऊन आली, पातळ सुती. मी विचारलं की दात तर दिसला नाही, मग हे कशाबद्दल? तर म्हणाली की दात नाही हे पहिलं मलाच दिसलं होतं. ते खरं आहे. चहा दिला.

आता माझ्यावर काय ओढवलं ते ऐका. चुलते हाकोब असा माणूस आमच्या घरात कधीच नव्हता. तुम्हाला ते कळलंच असेल. माझ्या वडिलांना दोन बहिणी, भाऊ एकही नाही. घुगऱ्या झाल्यावर मिसाक माझ्याकडे आला, तेव्हा मला वाटलं तो विचारणार, हा हाकोब कोण. त्याऐवजी तो म्हणाला की बरं झालं तू आठवण काढलीस, त्यांना सगळे विसरले होते. मी म्हटलं, तुला आठवतात? तर म्हणाला की अंधुक, नदीत गळ्यापर्यंत बसायचे ना ते? मी लहान होतो, मला खांद्यावर घ्यायचे.

दर रविवारी येतो आणि नवीन काहीतरी आठवलेलं असतं. हाकोबकाका दह्यात भिजवलेली भाकरी खायचे. हाकोबकाकांना बासरी छान वाजवता यायची, दात नसल्यामुळेच, असं त्याचं म्हणणं. तातुलला मांडीवर घेऊन तो हे सगळं सांगतो आणि तातुल ऐकतो. दोनदा मी तोंड उघडलं. एकदा गार्निकने माझ्याकडे पाहिलं, एकदा नाझेलीने. मिटलं.

गेल्या रविवारी तर कमाल झाली. मिसाकला माळ्यावर एक फोटो सापडला. आमच्या वडिलांच्या लग्नातला, पुष्कळ माणसं, कडेला एक उंच गृहस्थ उभे आहेत, ओठ घट्ट मिटलेले. मिसाक म्हणाला, हेच ते. त्या काळी फोटोत सगळेच ओठ मिटून उभे राहत, पण हे त्याला कोण सांगणार? त्याने फोटोतला तेवढा भाग मोठा करून आणला, चौकट केली आणि तातुलच्या खाटेवरच्या भिंतीला खिळा ठोकून लावला. नाझेलीने खाली वाळवलेली फुलं ठेवली आहेत. तिला माहीत आहे तो कुणी नाही. तरी ठेवली.

ते गृहस्थ कोण, मला खरंच माहीत नाही. नवरीकडचे असतील, शेजारी असतील, फोटोग्राफरचा मित्रही असेल. पण चेहरा चांगला आहे. रोज खिडकी उघडायला जाते तेव्हा समोर दिसतात. काल तातुल झोपला होता, खोलीत कुणी नव्हतं, मी त्यांच्यापुढे उभी राहिले आणि त्यांचे आभार मानले.

हे कुणाला सांगू नका. साखरपुड्याला येते, गाडीत खिडकीजवळची जागा धरून.

सातेनिक